डावीकडे ओढणारं विमान

लोणावळ्याला माणसं हवा पालटायला जातात. मी एक गोष्ट कबूल करायला गेलो होतो, आणि पहिल्या दिवशी ती न सांगताच खोलीवर येऊन पडलो. म्हणून हे तीन दिवस जसे घडले तसे लिहितो. जे तिकडे गेलेले नाहीत त्यांना यातून मावळ थोडा दिसेल. जे माझ्या हाताखाली शिकले त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं.

माझं नाव वसंत देवपुजारी. वय चौऱ्याहत्तर, राहणार नागपूर. लहान शहरांना जोडणाऱ्या एका विमान कंपनीत मी कॅप्टन होतो आणि पुढे वैमानिकांचा मुख्य प्रशिक्षक. ती कंपनी बुडाली. तिची विमानं आणि निम्मी माणसं दुसऱ्या एका कंपनीनं घेतली. तिथेही दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी वर्गात शिकवत होतो. आता त्या कंपनीचंही काही खरं राहिलेलं नाही. तिथल्या माझ्या काही विद्यार्थ्यांनी लोणावळ्यात एका दिवसासाठी बंगला घेतला होता, आणि मला फोन केला होता. सर, या, पुढे कुठलं विमान शिकून घ्यावं ते सांगा.

मी लगेच हो म्हटलं, पण ते त्यांच्यासाठी नव्हे. लोणावळ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, लोहगडाच्या पायथ्याशी, अंकुश वाळुंज राहतो हे मला कित्येक वर्षं ठाऊक होतं. तिकडे जायला काहीतरी निमित्त हवं होतं.

नागपूर ते पुणे हा भाग गाळतो. एवढंच सांगतो की सगळा जन्म विमानात काढून मी आगगाडीनं गेलो, आणि मुलीनं कारण विचारलं तेव्हा गुडघ्याचं नाव पुढे केलं.

पहिला दिवस : लोणावळा

दसरा होऊन गेला होता. पावसाळ्याची गर्दी ओसरली की लोणावळा मांडव काढलेल्या लग्नघरासारखं दिसतं. भुशीच्या वाटेवरच्या टपऱ्या ताडपत्री गुंडाळून बसल्या होत्या. धरणाच्या ज्या पायऱ्यांवरून जुलैत पाणी आणि माणसं एकत्र घरंगळतात, त्यांच्यावरचं शेवाळ वाळून काळं पडलं होतं आणि त्यावर एक कुत्रं ऊन खात पडलं होतं. मी रिक्षावाल्याला मुद्दाम तिकडून घ्यायला सांगितलं. "पाणी नाहीये काका आता, काय बघणार?" असं त्यानं दोनदा विचारलं. मी वेळ काढत होतो, हे त्याला कसं सांगणार?

बंगला तुंगार्लीला होता. सहा जण जमले होते. सगळ्यांत मोठा समीर, चौतिशीचा, कॅप्टन झालेला. सगळ्यांत धीट ऋजुता, साताऱ्याची, अजून सह-वैमानिक. बाकीचे चौघे चेहऱ्यानं ओळखीचे. वर्गात हीच मुलं गडगडाटी हसायची. आता हसण्याआधी एकमेकांकडे बघत होती. कंपनीची निम्मी विमानं इंजिनांवाचून उभी होती. इंजिनं दुरुस्तीला गेली ती आलीच नव्हती. तीन महिन्यांत वैमानिकांची यादी निघणार होती: कोण राहणार, कोण जाणार. दोन प्रकारच्या विमानांपैकी कंपनी एकच ठेवणार, पण कुठलं ते कुणाला माहीत नव्हतं. ज्यानं चुकीचं विमान शिकून घेतलं तो घरी.

एक विमान लांबुळकं, शेपटीजवळ इंजिनं असलेलं, पन्नास माणसांचं. त्याला सगळे पेन्सिल म्हणतात. दुसरं त्याच्याहून रुंद, पंखांखाली इंजिनं असलेलं, सत्तर-ऐंशी माणसांचं. ते जाडी. जेवणाच्या कागदी पत्रावळीवर समीरनं दोन्ही काढली आणि बैलबाजारात दात बघावेत तशी चर्चा सुरू झाली. जाडीला लांब धावपट्टी लागते. पेन्सिल आडव्या वाऱ्यात हलकी पडते. जाडी भरायला माणसं कुठून आणायची? पेन्सिलीचे सुटे भाग आता मिळतात कुठे? एकानं त्यातच, मीठ मागावं इतक्या सहज, सांगून टाकलं की यादी निघेपर्यंत बाहेरगावी विमानाच्या बिघाडवहीत काही लिहायचं नाही, जो लिहितो त्याचं नाव वरच्यांच्या डोळ्यांवर येतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ऐकलं आणि समोरच्या डब्यातली चिक्की घेतली.

मग ऋजुता म्हणाली, "काही म्हणा, पेन्सिल ओल्या पट्टीवर थांबत नाही. वाळुंजांची केस बघा ना."

"त्यात विमानाचा काय दोष?" समीर म्हणाला. "वाळुंजांनी लांब टेकवलं आणि ब्रेक उशिरा दाबला. सरांनीच शिकवलंय की. स्लाइड चौदा."

"कॅप्टनचा निर्णय," दोघा-तिघांनी माझ्या आवाजाची नक्कल करत एकदम म्हटलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोकळे हसले.

"हो ना, सर?" ऋजुतानं विचारलं.

माझ्या तोंडात शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा होता. तो कवळीला असा चिकटला होता की बोलणं शक्यच नव्हतं. मी हातानं थांबा म्हटलं आणि आत जाऊन तो सोडवला. बाहेर आलो तेव्हा तोंड मोकळं होतं आणि सहाही जण उत्तराची वाट बघत होते. मी मान हलवली. होकारार्थी.

स्लाइड चौदा

त्या संध्याकाळी बाजारातल्या लॉजच्या खिडकीशी बसून मी जे निवेदन लिहिलं, त्यातला मजकूर इथेच देतो. तो कळल्याशिवाय पुढचा प्रवास कळणार नाही.

प्रत्येक विमानात एक वही असते. विमानात काही बिघाड दिसला की कॅप्टननं तो तिच्यात लिहून सही करायची. एकदा लिहिलं की इंजिनिअरनं तपासून सही केल्याशिवाय विमान उडत नाही. लहान गावांच्या विमानतळांवर आमचे इंजिनिअर नसत. तिथे लिहिलं तर विमान तिथेच अडकणार, पुढच्या सगळ्या फेऱ्या रद्द. म्हणून आमच्यात एक पद्धत पडली होती: बाहेर लिहायचं नाही, घरी लिहायचं. घर म्हणजे मुख्य तळ, जिथे इंजिनिअर आहे. मध्ये वैमानिक बदलला तर येणाऱ्याच्या कानात सांगायचं. वहीत नाही, कानात. ही पद्धत कुठल्या नियमात नव्हती. पण सगळे पाळत होते, आणि नव्यांना ती मी शिकवत होतो.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी मी पेन्सिल घेऊन अशाच एका लहान गावी उतरलो. वेग कमी होत आला तसं विमान डावीकडे ओढायला लागलं. डावा ब्रेक धरायचा, सुटायचा, पुन्हा धरायचा. धावपट्टी कोरडी आणि लांब होती, मी सावरलं. शेजारच्या सह-वैमानिक पोरानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घरी लिहू.

तिथे माझी ड्युटी संपत होती. पुढची फेरी अंकुशची. तो शिडीपाशी टोपी काखेत धरून उभा होता. म्हणाला, "काही विशेष, सर?"

कानात सांगायची वेळ हीच. पण अंकुश सगळं लिहायचा. आसनाचा पट्टा घट्ट बसतो, हेसुद्धा लिहायचा. त्याला कानात सांगितलं असतं तर त्यानं तिथल्या तिथे वही उघडली असती, विमान उभं राहिलं असतं, आणि मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर त्या दिवशीच्या चार फेऱ्या रद्द झाल्या असत्या. तेव्हाही कंपनीत माणसं कमी करायचं चाललंच होतं. मी म्हटलं, "छान आहे विमान. घेऊन जा."

दुपारी पुढच्या गावी पाऊस होता आणि धावपट्टी आखूड. विमान थांबलं नाही. पट्टी संपवून डावीकडच्या नाल्यात गेलं. कुणी दगावलं नाही. एका म्हाताऱ्या बाईंचा खुबा मोडला आणि विमानात सेवेला असलेल्या मुलीची पाठ कायमची गेली. डावी चाकं तुटून चिखलात पडली होती. बिघाड आधीचा की आदळल्यावरचा हे त्यांच्यावरून ठरेना. अंकुशनं नेहमीच्या खुणेपेक्षा थोडं पुढे टेकवलं होतं, हेही खरं. तेव्हा चौकशी समितीनं सकाळच्या कॅप्टनला विचारलं. मी लिहून दिलं: सकाळी ब्रेक व्यवस्थित होते. सही केली. शेजारचं ते पोर माझ्याच हाताखालचं, त्याला कुणी वेगळं विचारलं नाही. अंकुशचं लायसन्स गेलं, नोकरी गेली. त्याच्या बायकोनं मुलीला घेऊन ठाण्याला माहेर गाठलं. आणि पुढच्या वर्षी मी त्या अपघातावर स्लाइड केली. तीच चौदावी.

दुसरा दिवस : लोहगडवाडी

सकाळच्या पुण्याच्या गाडीनं मळवलीला उतरलो आणि रिक्षा केली. भाजे गावाच्या पुढे रस्ता चढायला लागतो. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलं होतं. आमच्या विदर्भात उभ्या पिकाला धान म्हणतात आणि भात फक्त ताटात असतो. इथे शेतातही भात, पोत्यातही भात, पानातही भात. कापणी नुकती लागली होती. बाया ओळीनं वाकून कापत होत्या, मागे पेंढ्या आडव्या पडत होत्या, आणि ओल्या बांधातून इंद्रायणी तांदळाचा वास रिक्षात येत होता. सोनकीची फुलं सरत आली होती. समोर उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर, मधल्या खिंडीपाशी रिक्षा धापा टाकायला लागली. रिक्षावाला म्हणाला, आता उतरा, माणूस असला की ही चढत नाही. उतरताना सँडलचा पट्टा तुटला. उरलेली वाट मी एक पाय घासटत चाललो.

वर आकाशात विमानं एकामागून एक उतरणीला लागलेली दिसत होती. मुंबईकडची रांग इथूनच जाते. आवाजावरून कुठलं ते मला कळत होतं, आणि अंकुशलाही रोज कळत असणार.

लोहगडवाडीत गडाच्या वाटेला लागून हॉटेलं आहेत, म्हणजे कुडाच्या भिंती, वर पत्रा, बाहेर बाकडी. चौथं हिरामावशीचं. हिरामावशी वाडीतलीच, पंचावन्नची असेल, कपाळावर गोंदण. हॉटेल तिचं, आणि अंकुश तिचा भागीदार. दोघं मिळून ट्रेकिंगवाल्यांना जेवू घालतात आणि मागच्या दोन खोल्यांत मुक्काम देतात.

तो कांदा चिरत होता. केस पूर्ण पांढरे. मला बघून सुरी थांबली नाही.

"या, सर," म्हणाला, जणू मी कालच येऊन गेलो होतो. "सँडल तुटली वाटतं."

"कोन हायेत?" मावशीनं चुलीपासून विचारलं.

"माझे सर."

"मंग जेवाया वाढ की. नुस्ता बघत काय बसलास?"

तांदळाची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा आला. पिठल्याला आमच्याकडे बेसन म्हणतात आणि वर तेलाचा तवंग असतो. इथलं कोरडं, चुलीचा वास धरलेलं. मी भाकरीचा एकच तुकडा पिठल्यात फिरवत होतो, आणि मावशी समोर बसून माझ्या पानाकडे बघत होती. तिनं मला हॉटेलचं सगळं सांगितलं. येणारी पोरं अंकुशला कॅप्टन म्हणतात, त्यांना वाटतं क्रिकेटचा असेल. धुकं कधी उतरणार ते हा बरोबर सांगतो, आणि याचं ऐकलं नाही ते गडावर चुकतात. खांबाला खिळ्यावर एक वही टांगली होती. ती दाखवून म्हणाली, "ह्ये बघा ह्याचं याड, भाऊ. शेगडी मंद झाली, लिव. पत्रा गळाया लागला, लिव. परवा उंदीर आलता, त्यो बी लिवलाय. उंदराला वाचाया येतंय का?"

मी वही उघडली. प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि सही होती. समोरच्या रकान्यात, दुरुस्त झालं की पुन्हा सही. सगळी विमानातल्या वहीसारखी.

बाकड्यावरची दोन पोरं पैसे देऊन गडाकडे गेली. मावशी हंडा घेऊन पाण्याला गेली. मी कितीतरी वर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती. त्यातलं एकही आलं नाही.

"अंकुश, त्या दिवशी सकाळी ब्रेक नीट नव्हता. मला माहीत होतं."

त्यानं हातातला कांदा पुरा केला. दुसरा घेतला, सोलला, मधोमध कापला.

"कुठल्या बाजूला ओढत होतं?"

"डावीकडे."

"पहिल्यापासून?"

"नाही. वेग कमी झाल्यावर. धरायचा, सुटायचा, पुन्हा धरायचा."

त्यानं सुरी खाली ठेवली. उभा राहिला आणि स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत राहिला. पायात रबरी चप्पल होती, अंगठ्याशी झिजलेली.

"मी समितीला तेच सांगत होतो," तो म्हणाला. "ते म्हणाले, तुमचा डावा पाय जास्त दाबला गेला. घाबरल्यावर होतं असं. इतक्यांदा म्हणाले की मलाही तेच खरं वाटायला लागलं, सर. अजून गडाच्या पायऱ्या उतरताना मी डावा पाय बघून टाकतो."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यानं हात हलवला.

"ते राहू द्या. वहीत नाही लिहिलंत, ठीक. कानात का नाही सांगितलंत? सगळ्यांना सांगायचात."

"तू लिहिलं असतंस."

तो हसला. आवाज न करता, खांदे हलतील इतकंच. "हो," म्हणाला. "लिहिलं असतं."

मी निवेदन त्याच्यापुढे ठेवलं. सरकारी खात्याला आणि नव्या कंपनीला पाठवायचं होतं. त्यानं हात पुसून दोनदा वाचलं, माझ्याकडून पेन घेतलं आणि धावपट्टीची लांबी मी चुकीची लिहिली होती ती दुरुस्त केली. शेजारी बारीक सही केली.

"पाठवा," म्हणाला. "मला त्याचा आता उपयोग नाही. त्रेपन्न वय झालं, डोळ्यांना चष्मा लागला. मला परत कोण बसवणार?" मग कांद्याकडे वळून म्हणाला, "तुम्हाला काही करायचंच असेल तर आमच्या गावाला, आंबीला जा. माझ्या वडिलांना, आबांना सांगा. मी सांगितलं होतं, त्यांना पटलं नाही. गावात सगळे म्हणतात दारू पिऊन विमान घातलं. आईच्या तेराव्यालाही आबा माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर मी गेलो नाही."

"तू चल बरोबर."

"नाही."

मावशी हंडा घेऊन आली आणि दोघांकडे बघून थबकली. "काय झालं रं?"

"काही नाही, मावशी. ब्रेकचं बोलत होतो."

निघताना त्यानं माझी सँडल मागून घेतली, तारेनं पट्टा बांधून दिला, आणि खांबावरची वही काढून काहीतरी लिहिलं. काय ते मी वाचलं नाही.

तिसरा दिवस : आंबी

तळेगावहून आंबीला जाताना आधी कारखाने लागतात आणि मग गाव. लांबच लांब भिंती, पत्र्याची छपरं, फाटकाशी पहारेकरी, आणि दोन भिंतींच्या मध्ये अचानक भाताची एक पट्टी. काल पाहिलेल्या मावळाचंच हे दुसरं टोक, पण इथे वासात भात आणि रंगाचं रसायन एकत्र मिसळलेलं. वाळुंजांची जमीन एका भिंतीच्या आत गेली होती. त्या पैशांतून अंकुश वैमानिक झाला, हे मला त्यानंच नोकरीच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तेव्हा गावानं पेढे वाटले होते.

आबा ओटीवर बसले होते. पंच्याऐंशीच्या पुढचे, काटक, कानानं थोडे मंद. मी अंकुशच्या जुन्या कंपनीतला आहे म्हटल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"कंपनी बुडाली म्हनं."

"बुडाली."

"बरं झालं."

मी सांगायला सुरुवात केली. पहिलं वाक्य झालं, दुसऱ्याच्या मध्येच त्यांनी काठी उचलली.

"ब्रेक बरा हुता म्हनून लिवलं, त्या कागदावर सही तुमची हुती?"

"माझी."

"थांबा मंग. हितं नगा सांगू. मला एकट्याला सांगून काय उपेग?"

ते उठले आणि चालायला लागले. मी मागून, तार बांधलेली सँडल टोचत. भैरवनाथाच्या देवळापुढे पाच-सहा माणसं कारखान्याच्या बसची वाट बघत बसली होती, दुपारपाळीची. दोघांच्या अंगावर कंपनीचे निळे शर्ट. एकानं विचारलं, "कोन पाव्हनं, आबा?"

"विमानातलं मोठं सायेब हायेत. आयका. बोला सायेब. मोठ्यानं बोला."

मी आयुष्यभर वर्गांपुढे बोललो. त्या दिवशी मी पुटपुटत होतो. आबांनी दोनदा "मोठ्यानं" म्हटलं. मी सांगितलं: विमान आधी मी चालवलं, ब्रेक खराब होता, मी लिहिलं नाही, अंकुशला सांगितलं नाही, आणि नंतर चांगला होता म्हणून खोटं लिहून दिलं. अंकुशची चूक नव्हती.

निळ्या शर्टातल्या एकानं मोबाइल खिशात ठेवला. "म्हंजी त्यो पेला नव्हता?"

"नाही. उतरल्याबरोबर तपासणी झाली होती. थेंबही नव्हता."

"पेपरात तर आलतं."

"पेपरात कुटं?" आबा म्हणाले. "तुज्या बापानं सांगितलं हितं बसून. ह्याच पायरीवर."

तो खाली बघायला लागला. कडेला एक म्हातारा बसला होता. तो माझ्याकडे निवांत बघत म्हणाला, "अकरा वर्सं कुटं हुता, सायेब?"

"घरी," मी म्हटलं.

बस आली. माणसं चढली. खिडकीतून दोघं-तिघं माझ्याकडे वळून बघत राहिले. पायरीवर आबा आणि मी उरलो.

मग ते बोलले, माझ्याशी नाही, समोरच्या रस्त्याशी बोलावं तसे. "त्यानं मला सांगितलं हुतं. आबा, म्या पेलो न्हाई, ब्रेक लागला न्हाई. म्या म्हनलं, ट्रक घालनारा बी आसंच म्हनतो." काठीनं त्यांनी मातीत एक रेघ ओढली आणि पायानं पुसली. "त्याची आय म्हनत हुती, पोरगं खोटं बोलनारं न्हाई. तिला बी गप केली."

मी विचारलं, अंकुशला फोन लावू का? त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मी लावला, पलीकडे वाजायला लागला तसा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला.

"न्हाई. तुमीच बोला. तुमी बोल्लेलं समद्यांना खरं वाटतंय."

तेवढ्यात अंकुशनं उचलला. मागे काहीतरी तळल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, सांगितलं, आबांना आणि देवळापुढच्या सगळ्यांना. मी आबांकडे पाहिलं. ते कारखान्याच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "दीड एकर ऱ्हायलंय. भात पिकलंय. त्याला म्हनावं, काढाया ये."

मी शब्दाला शब्द सांगितलं.

पलीकडे तळणं चालूच होतं. "बरं," अंकुश म्हणाला आणि फोन ठेवला.

परत आल्यावर

नागपूरला येऊन आज दहा दिवस झाले. निवेदन पाठवलं. खात्याकडून पोच आली आहे, उत्तर नाही. कंपनीकडून पोचही नाही. समीर आणि ऋजुताला मी तेच निवेदन पाठवलं आणि लिहिलं की स्लाइड चौदा खोटी आहे, ती मी केली होती.

समीरचं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्यानं लिहिलं होतं की त्याच्याही नावावर घरी येऊन लिहिलेल्या बऱ्याच नोंदी आहेत, यादी अजून निघालेली नाही, आणि अशा वेळी मी हे सांगून त्याला काय करायला सांगतोय? त्याचं उत्तर मी तीनदा लिहून खोडलं. अजून दिलेलं नाही.

ऋजुतानं फोन केला. पेन्सिल चांगली की जाडी, हे तिनं विचारलं नाही. तिला एवढंच हवं होतं की त्या सकाळी मी जागेवर लिहिलं असतं तर काय झालं असतं. मी सांगितलं, विमान तिथेच उभं राहिलं असतं, पन्नासेक माणसं चिडून लॉजवर राहिली असती, आणि दुसऱ्या दिवशी मला मुंबईला मुख्य कचेरीत बोलावून चार शब्द सुनावले असते.

"एवढंच, सर?"

"एवढंच."



अंकुश फोन उचलत नाही. म्हणून काल मी हिरामावशीच्या नंबरावर लावला. आधी तिनं सँडल टिकली का ते विचारलं. मग मी विचारलं, अंकुश आंबीला गेला का?

"न्हाई गेला अजून," ती म्हणाली. "पर विळा आणलाय तळेगावच्या बाजारातनं. रोज सकाळी उठून धार लावतोय आन् परत कुडाला खोचून ठिवतोय. आता विळ्याचं बी लिवलंय वहीत, धार झाली म्हनून. म्या म्हनलं, बाबा, भात काय तुज्यासाटी थांबायचं न्हाई. पिकलेलं हाय, वारा सुटला की दानं झडत्यात."

मी विचारलं, मग तो काय म्हणाला?

"काय न्हाई. पायाकडं बघत बसला."

आज सकाळपासून इथे नागपुरात वारा सुटला आहे. तिकडे मावळात काय आहे, ते मला इथून कळत नाही.